ऑक्टाव्हियाच्या पुढच्या ब्रेक डिस्क बदलायच्यात: प्लेन, स्लॉटेड का ड्रिल्ड?

नववी_गल्ली (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. गाडी २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, डीएसजी (आपोआप गिअर बदलणारी), ९२ हजार रनिंग, गेल्या दिवाळीत स्टेज वन रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) मारलाय. कंपनीचे १८० घोडे होते, आता किती झालेत ते डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चढवून बघितलेलं नाही त्यामुळं विचारू नका, पण पळतीय.

तर मागच्या रविवारी रत्नागिरीला बहिणीकडं चाललेलो, घरची सगळी बसलेली, डिकी भरलेली. आंबा घाट उतरताना निम्म्यात स्टिअरिंग थरथरायला लागलं, पाय ठेवला की पेडल पायाखाली धडधड करतंय, खाली साखरप्याजवळ आलो तोवर पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं आणि जळका वास. आई म्हणाली कुणाचं तरी क्लच जळतंय. मी गप्प बसलो. चहाला थांबलो, अर्ध्या तासानं पेडल जाग्यावर आलं पण थरथर काय गेली नाही, परत येताना हायवेला ९० च्या वर ब्रेक मारला की आहेच.

पुढच्या डिस्क दीड वर्षापूर्वीच बदलल्यात, गावातल्याच एका गॅरेजमधी, डिस्क आणि पॅड दोन्ही. पहिले सहा-सात हजार किलोमीटर एकदम लोण्यासारखे, नंतर हळूहळू सुरू झालं. मेस्त्री म्हणतोय डिस्क वाकल्या, परत नवीन घाला. मग आता घालायच्याच तर जरा चांगल्या घालाव्या म्हणतो. ऑनलाइन बघितलं तर प्लेन, स्लॉटेड (खाचांच्या), ड्रिल्ड (भोकांच्या), ड्रिल्ड अधिक स्लॉटेड, टू-पीस, डोकं फिरलं. ट्रॅकबिक कधी नाही, पण गाडी मऊपणानं चालवतो असंही म्हणणार नाही. गगनबावडा, आंबा, पुणे हायवे, एवढंच आपलं जग. काय घालू?

पेठेतला | सोमवार, रात्री १०.५२

आईला खरं सांगितलंस का अजून क्लचवरच हाय?

बाकी धागा भारी होणार, मी मिसळ घिऊन बसतो.

चाकणकर_कोल्हापुरी | सोमवार, रात्री ११.१५

भावा, स्टेज वन मारलास आणि ब्रेक स्टॉक ठेवलेस हीच पहिली चूक. सरळ ड्रिल्ड-स्लॉटेड घाल. भोकातनं हवा खेळते, डिस्क गार राहते, पावसात पाणी निघून जातं, आणि १७ इंची अलॉयमधनं दिसतात पण जाळ. पोर्शाला बघ, बऱ्याच मॉडेलांना भोकं असतात. माझ्या मित्रानं पोलो जीटीला घातल्यात, नाद खुळा ब्रेक लागतोय.

घाटवेडा | मंगळवार, सकाळी ६.५०

@चाकणकर, पोर्शाचं उदाहरण नको मर्दा. त्यांची डिस्क मुळात भोकं धरून डिझाइन केलेली असते, पोटातल्या हवा खेळवणाऱ्या कुठल्या पाकळीच्या मधनं भोक जाणार, त्याची कड किती मोडायची, सगळं ठरवून. आपल्याला स्वस्तात मिळतात त्या बहुतेक साध्या डिस्कवर ड्रिल मशीनवर भोकं पाडलेल्या असतात. भोकाची कड ही तडा सुरू व्हायची जागा. तापली-गार झाली, तापली-गार झाली की एका भोकापासनं दुसऱ्या भोकापर्यंत केसासारखी रेघ जाते. माझ्या आधीच्या गाडीची मी स्वतः काढलीय तशी, एका डिस्कवर अकरा रेघा मोजल्या, त्यातली एक पार कडेपर्यंत गेलेली. त्या दिवसापासनं भोकाच्या डिस्कला लांबनं नमस्कार.

आणि जिथं जास्त उष्णता मुरवायची तिथं तू लोखंडच कमी करायलायस, हे गणित मला कधी कळलं नाही. पावसात पहिल्या चाव्याला भोकांचा फायदा होतो हे मात्र खरं, ते मान्य.

@नववी_गल्ली, दोन प्रश्न. एक, घाट उतरताना गिअर कुठला होता? दोन, साखरप्याला थांबलास तेव्हा ब्रेकवर पाय दाबून उभा होतास का लगेच पार्किंगला टाकलीस?

नववी_गल्ली | मंगळवार, सकाळी ९.०५

गिअर... डी ला होती. डीएसजी आहे ना, ती बघती आपली आपण असं वाटलं.

थांबलो तेव्हा पुढं एक एसटी वळत होती, मिनिट दोन मिनिटं ब्रेक दाबून उभा होतो, मग टपरीजवळ लावली.

घाटवेडा | मंगळवार, सकाळी ९.४०

सापडला चोर. निम्मा तरी.

जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. डीएसजीला डी मधी ठेवलंस की तिला वाटतं साहेब निवांत चाललेत, पेट्रोल वाचवूया, ती वरचा गिअर टाकत जाते आणि इंजिन काहीच धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. लिव्हर मॅन्युअलला घे, दुसरा-तिसरा ठेव, वळणाआधी एकदा दमदार ब्रेक मारायचा आणि सोडून द्यायचा, सोडल्यावर डिस्कला वारा लागतो. तू काय केलं असशील ते मला माहीत आहे, घरातली माणसं बसलीत म्हणून हळू, हळू, सारखा पाय टेकवून. त्यानं सगळ्यात जास्त तापतं.

तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलास की पॅडचा मसाला तेवढ्याच जागी चिकटतो, पॅडच्या आकाराचा ठसा उठतो अक्षरशः. चाक काढून बघ, दिसेल कदाचित. आणि घाट उतरल्या उतरल्या वॉशिंग सेंटरला गार पाणी मारून घेतात त्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही.

पेडलचं वेगळं समज. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड फेड झाला, म्हणजे तापून पकड सोडली. पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं, तर ऑइल उकळलं. तुझं दुसरं झालंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, डॉट ४ नवं असताना कमीत कमी २३० अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर तेच १५५ वर येतं. आपल्याकडं चार महिने भिजत घोंगडं, गगनबावड्याचा पाऊस तर विचारू नका. ऑइल कधी बदललंस?

नववी_गल्ली | मंगळवार, सकाळी १०.१०

ब्रेक ऑइल बदलायचं असतं?

(ह.घ्या. पण खरंच आठवत नाही. दीड वर्षापूर्वी डिस्क बदलताना त्यांनी फक्त टॉपअप केलं होतं असं बिलावर दिसतंय.)

पेठेतला | मंगळवार, सकाळी १०.१२

घोडे वाढवायला पैसे हायत, लगामाला न्हाईत.

क्यूसीवाली | मंगळवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, मोठं होईल.

मी शिरोली एमआयडीसीत मशीनिंगच्या क्वालिटीला आहे, डिस्क रोज हातात येतात. तेव्हा आधी एक सांगते, "डिस्क वाकली" हे दहातल्या नऊ वेळा खरं नसतं. ओतीव लोखंडाची डिस्क रोटीसारखी वाकत नाही. होतं काय तर डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहत नाही. एका फेरीत जाडीत १५-२० मायक्रॉनचा फरक पडला तरी पायाला कळतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस यापेक्षा जाड असतो.

हा फरक दोन कारणांनी येतो. एक घाटवेडा म्हणाले तो ठसा. दुसरं कारण जास्त छुपं आहे आणि दादा तुमच्या "पहिले सहा-सात हजार लोण्यासारखे" या वाक्यावरून मला त्याचाच दाट संशय आहे. जुनी डिस्क काढली की हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडावर गंजाचे पापुद्रे असतात. ते न घासता तशीच नवी डिस्क चढवली की ती किंचित तिरकी बसते. हबजवळ तीन-चार शतांश मिलिमीटरचा कचरा असला तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो दुपटीनं तिपटीनं दिसतो. याला रनआउट म्हणतात. पहिल्या दिवशी काही कळत नाही कारण कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) सरकून सावरून घेतो. पण ब्रेक मारलेला नसतानाही प्रत्येक फेरीला डिस्कचा तोच उंचवटा पॅडला चाटून जातो, तेवढीच जागा झिजत राहते, आणि काही हजार किलोमीटरनं जाडीत फरक तयार होतो. मग थरथर. मग मेस्त्री म्हणतो डिस्क वाकली. मग नवी डिस्क त्याच गंजावर. असं हे चक्र सुरू राहतं आणि माणूस ब्रँडला शिव्या घालत बसतो.

म्हणून काय घ्यायचं ते नंतर, आधी मोजा. मायक्रोमीटरनं डिस्कची जाडी आठ ठिकाणी, कडेपासून दीडेक सेंटिमीटर आत. व्हर्नियर नको, कडेला न झिजलेला ओठ असतो, तो धरून जाडी चुकीची येते. मग डायल गेज लावून रनआउट, डिस्क हबवर बोल्ट आवळून. मग डिस्क काढून हबच्या तोंडाचा रनआउट. आकडे इथं टाका.

चाकणकर_कोल्हापुरी | मंगळवार, दुपारी २.२०

ताई म्हणतात ते थिअरीत बरोबर असेल पण गाडी २०० च्या वर घोड्यांची आहे. मोजून काय होणार, डिस्कच लहान आहे. याला ३१२ बाय २५ मिलिमीटर (व्यास आणि जाडी) असणार. ३४० ची डिस्क आणि मोठा कॅलिपर, त्याच ग्रुपच्या वरच्या मॉडेलचा, बोल्ट टू बोल्ट बसवतात पोरं. एकदाच खर्च. ऊसाच्या सीझनला रात्री बिनलाइटीची ट्रॉली समोर आली की कळतं ब्रेक काय चीज असते.

क्यूसीवाली | मंगळवार, रात्री ८.४५

चाकणकर, ट्रॉली समोर आल्यावर गाडी थांबवतो टायर. तुम्ही जीव खाऊन ब्रेक मारला की आत्ताच्या डिस्कवरसुद्धा एबीएस कटकट करायला लागतं ना? म्हणजे ब्रेककडं ताकद शिल्लक आहे, रस्त्यावरची पकड संपलीय. तिथं ३४० ची डिस्क घालून एका थांब्यात फरक पडणार नाही, चांगले टायर घालून पडेल. मोठ्या डिस्कचा फायदा सारख्या सारख्या ब्रेकिंगला, कारण उष्णता मुरवायला जास्त लोखंड मिळतं.

आकडेच बघा. माणसं धरून १६०० किलोची गाडी १०० वरून शून्यावर आणली तर साधारण ६१७ किलोज्यूल उष्णता होते. सत्तर टक्के पुढं धरा, दोन डिस्कमधी वाटा, एका डिस्कला २१६. घासणाऱ्या कड्याचं वजन सहाएक किलो धरलं तर एका थांब्याला डिस्क सत्तर-ऐंशी अंशानं तापते. काहीच नाही. आता घाट. पाचशे मीटर उंची उतरायची म्हटलं तर तीच गाडी जवळजवळ ७८०० किलोज्यूल घेऊन खाली येते, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा थांबल्यासारखं. त्यातलं इंजिननं किती धरायचं आणि हवेनं किती न्यायचं हे गिअर ठरवतो. डी ला ठेवलं की जवळपास सगळं पॅड आणि डिस्कवर.

वेगाचंही लक्षात ठेवा, उष्णता वेगाच्या वर्गात वाढते. १०० च्या जागी १४० वरून ब्रेक मारला तर जवळजवळ दुप्पट. रीमॅपनं ब्रेकवर येणारा भार म्हणजे हाच, घोडे स्वतः ब्रेक तापवत नाहीत, घोड्यांमुळं तुम्ही दोन वळणांच्या मधी जास्त वेगात पोचता ते तापवतं.

३४० ला माझा विरोध नाही. पण १६ इंची चाकात ती बसणार नाही, वजन वाढतं, पुढचा-मागचा तोल बदलतो, आणि तिरक्या हबवर ती पण थरथरणारच.

नवा_सभासद | मंगळवार, रात्री ९.३०

माझी स्विफ्ट आहे, ब्रेक मारला की च्यूं च्यूं आवाज येतो, मी पण डिस्क बदलू का

घाटवेडा | मंगळवार, रात्री ९.३४

पॅड किती उरलेत ते आधी बघ बाबा. बहुतेक संपत आल्याची शिट्टी आहे ती. वेगळा धागा काढ, इथं विषयांतर नको.

फौंड्रीतला_आबा | बुधवार, पहाटे ५.१५

पोरांनो, झोप लागत नव्हती म्हणून हा धागा वाचला. मी उद्यमनगरात मोल्डिंगला लागलो तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्माला यायचे होते. कागलपर्यंत फौंड्र्या पसरलेल्या मी डोळ्यानं बघितल्यात. या गावातनं ब्रेकचे ड्रम, हाउसिंगं, काय काय ओतून देशभर जातंय, आणि आपली पोरं मोबाइलवर बोट फिरवून डिस्क मागवायल्यात याचं हसू पण येतं आणि थोडा अभिमान पण वाटतो, कारण त्या खोक्यातलं लोखंड कुणाच्या भट्टीतलं असंल सांगता येत न्हाई. खोक्यावर नाव कुणाचं आणि ओतलंय कुणी, यात लई अंतर असतं.

आता मुद्दा. डिस्क असते ग्रे आयर्नची. त्यात कार्बन पापुद्र्यासारखा पसरलेला असतो, ग्राफाइटचे बारीक बारीक फ्लेक. ते फ्लेक उष्णता वाहून नेतात आणि थरथर, आवाज गिळतात. म्हणून शंभर वर्षं झाली तरी स्टीलची डिस्क मोटारीत आली न्हाई. घंटा कांशाची असते, ग्रे आयर्नची न्हाई, का? वाजत न्हाई म्हणून. आता "हाय कार्बन" म्हणून जी डिस्क विकतात ती थापा न्हाईत. कार्बन साडेतीन टक्क्याच्या वर, पावणेचारच्या आसपास नेतात, फ्लेक जास्त आणि मोठे येतात, उष्णता लवकर पसरते, डिस्क एका जागी तापून फुगत न्हाई. ताकद जरा कमी होते, पण डिस्कला ओढून तोडायचं न्हाई, तिला तापायचं हाय. घाटाच्या माणसानं ही घ्यावी. भोकं आणि खाचा हे पोटात काय हाय त्याच्या नंतर.

व्हेंटिलेटेड डिस्कच्या मधी ज्या पाकळ्या असतात त्या कोअरनं (आतली पोकळी ठेवायला मोल्डमधी घातलेला वाळूचा गाभा) निघतात. वाळूचा कोअर मोल्डमधी एक मिलिमीटर सरकला की एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. वरनं मशीनिंग चकाचक, कुणाला दिसत न्हाई. तापली की दोन भिंती येगळ्या फुगतात आणि डिस्क छत्रीसारखी कलते. म्हणून डिस्क हातात आली की बाहेरच्या कडेनं फिरवून दोन्ही भिंतींची जाडी बघायची. बॅलन्ससाठी कडेला मिलिंगचा चावा घेतलेला असतो, तो दोष न्हाई, उलट तोललीय याची खूण हाय. दोन्ही डिस्क काट्यावर ठेवा, वजन जवळजवळ सारखं पाहिजे. आणि डिस्कवर कुठंतरी कमीत कमी जाडी ठोकलेली असते, ती नसलेली डिस्क फुकट दिली तरी घेऊ नका.

अजून एक. डिस्कवर निळे-काळे ठिपके दिसले तर तिथं लोखंड सातशे अंशाच्या आसपास जाऊन आलंय समजा. तेवढ्या जागी सिमेंटाइट होतं, काचेसारखं कडक. लेथवर मारली तरी टूल त्या ठिपक्यावर उडी मारतं, आणि वरनं गेलं असं वाटलं तरी आत मूळ राहतंच. ती डिस्क भंगार.

पेठेतला | बुधवार, सकाळी ८.००

आबा, मग गावातच ओतून घिऊया की याच्या डिस्क. पॅटर्न करू, भट्टीची एक हीट मारू, वर "करवीर" म्हणून नाव टाकू. जगात भारी.

फौंड्रीतला_आबा | बुधवार, सकाळी ८.२०

ओतता येतंय रं, ओतायला काय. ओतल्यावर ती तुझ्या गाडीला लावून आंबा घाटात तूच पहिला उतर. एक जोडी चांगली निघणं आणि हजारावी जोडी पहिलीसारखीच निघणं यात कारखाना असतो.

चाकणकर_कोल्हापुरी | बुधवार, सकाळी ११.००

आबा +१, वाचनखूण साठवली. ड्रिल्डबद्दलचा माझा हट्ट मागं घेतो, मित्राला पण डिस्क बघायला सांगितलंय. पण स्लॉटेडबद्दल कुणीच बोलेना. खाचा चालतील का नाही?

घाटवेडा | बुधवार, सकाळी ११.३०

चालतील. खाच आरपार नसते त्यामुळं तड्याची भीती भोकापेक्षा खूपच कमी. पॅडचा चेहरा खरवडत राहते, काचेसारखा गुळगुळीत होऊ देत नाही, पावसात पाण्याचा थर मोडते. बदल्यात पॅड लवकर खाते आणि जोरात ब्रेक मारला की घर्रर्र आवाज येतो. पूर्वी पॅडमधनं तापल्यावर वायू सुटायचा तो बाहेर काढायला खाचा लागायच्या, आताच्या पॅडला ती अडचण फारशी राहिली नाही. रोज ऑफिसला जायच्या गाडीला मला गरज वाटत नाही, पण कुणी घातली तर वेड्यात काढणार नाही. फक्त डावी-उजवी नीट बघून बसवा. जाता जाता, बऱ्याच लोकांना वाटतं खाचांच्या दिशेवरनं डावी-उजवी ठरते, पण आतल्या पाकळ्या वळणदार असल्या तर हवा फेकायचं काम त्या करतात, तिथं पाकळ्यांची दिशा महत्त्वाची. पाकळ्या सरळ असतील तर कुठंही चालतंय.

नववी_गल्ली | शनिवार, संध्याकाळी ७.१०

मोजलं एकदाचं. कॉलेजचा मित्र टूलरूममधी आहे, त्याच्याकडनं मायक्रोमीटर, डायल आणि मॅग्नेट स्टँड आणलं, पार्किंगमधी दुपारभर. सोसायटीतली लहान पोरं भोवती, एकानं विचारलं काका गाडी मेली का.

आकडे मिलिमीटरमधी. डावी डिस्क: जाडी २३.३८ पासनं २३.४१ पर्यंत, म्हणजे ३० मायक्रॉनचा फरक. रनआउट ०.१४.
उजवी: जाडीत १२ मायक्रॉन, रनआउट ०.०७.

डिस्क काढली तर ताई, तुमच्या तोंडात साखर. डाव्या हबवर गंजाचा असा थर की नखानं पापुद्रा निघाला, आणि डिस्कच्या आतल्या तोंडावर त्याच पापुद्र्याचा छाप. म्हणजे दीड वर्षापूर्वी त्यावरच बसवलेली. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं घासून हब चमकवला, हबचा स्वतःचा रनआउट ०.०२. तीच डिस्क परत बसवली तर ०.०५ वर आला. हसावं का रडावं कळंना.

डाव्या डिस्कवर तीन निळे ठिपके आहेत, आबा म्हणाले तसलेच, एक अंगठ्याएवढा. आणि पॅडच्या आकाराचा धुरकट ठसा पण आहे, घाटवेडा साहेब.

डिस्कवर कमीत कमी जाडी २२ ठोकलीय, म्हणजे अजून लोखंड शिल्लक आहे. लेथवर मारून घेऊ का बदलू?

क्यूसीवाली | शनिवार, रात्री ८.००

ठिपके नसते तर म्हणाले असते हलका हात मारून घ्या, २३ वर सहज बसली असती. ठिपके आहेत म्हणून बदला, दोन्ही बाजूच्या एकदम. रनआउट ०.०५ उत्तम आहे, नव्या डिस्कवर पण हाच यायला पाहिजे, आला नाही तर डिस्क हबवर एक बोल्ट पुढं फिरवून परत मोजा. तुमच्या डिस्कला अडकवायचा बारीक स्क्रू एकाच जागी बसतो त्यामुळं मोजण्यापुरता तो लावू नका. चाकाचे बोल्ट हातानं, चांदणीसारखे आलटून पालटून, शेवटी टॉर्क पान्यानं १२० न्यूटन मीटर. पंक्चरवाल्याची न्यूमॅटिक गन लावून एकेक बोल्ट करकचून आवळला की परत तीच कथा.

साइजची खात्री करूनच ऑर्डर करा. एकाच मॉडेलला एकाच वर्षी दोन-तीन साइज असतात. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात स्टिकर असतो, त्यावर पीआर कोड (गाडीत कुठले पार्ट बसवलेत ते सांगणारे) असतात, १झेड किंवा १एल नं सुरू होणारा पुढच्या ब्रेकचा, १के नं सुरू होणारा मागचा.

घाटवेडा | शनिवार, रात्री ८.४०

डिस्क झाली, आता पॅड, कारण निम्मं काम तिथं आहे आणि लोक तिथंच पैसे वाचवतात. पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं गार असतानाचं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. ईएफ किंवा एफई पेक्षा एफएफ घे, जीजी मिळाला आणि रोजच्या वापराला चालतो असं लिहिलं असेल तर अजून भारी. ट्रॅकचे पॅड घेऊ नको. सकाळी गार असताना ते चावतच नाहीत, सायबर चौकात पहिल्या सिग्नललाच पुढच्याच्या डिकीत घुसशील.

ऑइल पूर्ण बदल, टॉपअप नको. ईएसपीच्या (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) गाडीला पातळ डॉट ४ लागतं, बाटलीवर क्लास ६ लिहिलेलं बघ, नवं असताना २५० अंश. सिलिकॉनचं डॉट ५ चुकून पण नको. आणि बाटली फोडली की त्याच दिवशी वापर, उरलेली पुढच्या वर्षीसाठी कपाटात ठेवणारे महाभाग आहेत आपल्यात.

नववी_गल्ली | पुढच्या महिन्यात, रविवार, सकाळी ११.२०

घातल्या. प्लेन, स्टॉक साइज ३१२ बाय २५, हाय कार्बन, कोटिंगवाल्या, कारण आमचं पार्किंग उघडं आहे आणि जुलैत दोन दिवस गाडी उभी राहिली की चाकातनं सगळं तांबडं दिसतं. जर्मन खोकं. आबांचं ऐकून किराणावाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या, ३० ग्रॅमचा फरक निघाला, त्यो म्हणतोय काय दर लावू. भिंती दोन्ही बाजूला सारख्या, कमीत कमी जाडी ठोकलेली, चाव्याची खूण पण आहे. पॅड एफएफ. ऑइल चारी चाकांतनं नवं, निघालेलं जुनं चहासारखं होतं, कोरा चहा.

बसवल्यावर रनआउट डावीकडं ०.०४, उजवीकडं ०.०३. तेलकट थर ब्रेक क्लीनरनं पुसून मग पॅड चढवले. कॅलिपरच्या पिना पण काढल्या, डाव्या बाजूची एक सुकून ओढाओढ करत होती, साफ करून ग्रीस घातलं.

बेडिंग (नवे पॅड-डिस्क एकमेकांना बसवून घेणं) आज सकाळी सहाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर. ६० वरनं १० पर्यंत दमदार, पूर्ण न थांबता, मधी अर्धा-अर्धा किलोमीटर वारा खायला, असं दहा वेळा, मग हायवेला न थांबता पंधरा मिनिटं. आठव्या वेळी वास आला, घाबरलो, पण तो नव्या पॅडचा असतोच म्हणे. वॉचमननं दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा हात केला.

थरथर शून्य. १०० वरनं मारला, स्टिअरिंग सोडून बघितलं, सरळ. चाकणकर भावा, ३४० चे पैसे वाचले त्यात पुढचे दोन टायर बसतात.

क्यूसीवाली | रविवार, दुपारी १२.०५

मस्त. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट परत एकदा टॉर्कला बघा आणि जमलं तर पाच हजारला जाडी मोजून इथं टाका. सगळे बसवल्यावर लिहितात, नंतरचं कुणी लिहीत नाही.

पेठेतला | रविवार, दुपारी १२.३०

आईला सांगितलंस का?

नववी_गल्ली | रविवार, दुपारी १२.४१

सांगितलं. म्हणाली, मग पुढच्या रविवारी आंबोलीला ने. तिसऱ्या गिअरात.

जुन्या डिस्कचं काय करू? भंगारवाला किलोवर मागतोय.

फौंड्रीतला_आबा | रविवार, रात्री ९.५०

भंगारवाल्याला देऊ नको. निळ्या ठिपक्याची डावी मला आणून दे, लॅबमधी कापून खुर्दबिणीखाली बघायचीय, पोरांना दाखवायला बरी. उजवी पण आण, भट्टीच्या चार्जमधी टाकून वितळवू. दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी पंपाच्या बॉडीत फिरत असंल ती.